कागद पुढे, फिल्म मागे

"एकही मोबाइल बाहेर दिसता कामा नये!" सासऱ्यांच्या अंगणात उभं राहून दाताच्या डॉक्टरांनी बजावलं. "आज फोटो निघणार तो फिल्मवर."

बायकोने निमूटपणे सगळ्यांचे मोबाइल गोळा करून आत कपाटात ठेवले. नवऱ्याच्या या खुळाशी भांडून ती केव्हाच दमली होती. डॉक्टरांचा कॅमेरा जुना, चौकोनी आणि चांगला विटेएवढा जड. तो पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या दुधी काचेत बघायचं, आणि एका रोलमध्ये फोटो किती, तर बारा.

"बाराच?" असं कुणी विचारलं की डॉक्टरांना स्फुरण चढायचं. "बाराच! म्हणून तर आधी माणसाकडे नीट बघावं लागतं. मोबाइलवाले बघतात कुठे? नुसते काढत सुटतात!" आणि खरं सांगायचं तर आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावून आलेला त्यांचा शीण त्या काचेत बघितल्याबरोबर उतरायचा. तिथे सगळं कसं उजळ आणि शांत दिसायचं.

आजचा प्रसंग मात्र साधा नव्हता. सासरे ऐंशी वर्षांचे झाले होते आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती, दोन्ही मुलगे एका फोटोत. थोरले आणि धाकटे मेहुणे सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर शिडी! धाकट्याने थोरल्याची शिडी नेली, परत केली तेव्हा तिची एक पायरी गायब. धाकटा म्हणे, ती आधीपासूनच नव्हती. झालं, तेव्हापासून एक जण या रविवारी वडिलांकडे यायचा, तर दुसरा पुढच्या.

"दहा मिनिटांचं काम आहे," असं डॉक्टरांनी दोघांना फोनवर सांगितलं होतं. दाढ काढतानाही ते हेच सांगतात.

"अहो, आवरा लवकर, दादा घड्याळ बघतोय," बायकोने टोचलं. डॉक्टरांनी गडबडीत रोल कॅमेऱ्यात बसवला, झाकण लावलं आणि काचेत मान घातली. मधल्या खुर्चीत सासरे होते. दोन्ही मुलगे दोन टोकांना उभे होते, मध्ये एखादा ट्रक सहज गेला असता.

"दादा, डावीकडे सरका."

थोरले सरकले.

"अहो, डावीकडे!"

"ही डावीच आहे, डॉक्टर!"

"तुमची नको हो, काचेतली! काचेत सगळं उलट दिसतं."

"मग मी नेमकं कुठे जाऊ?" थोरल्यांचा आवाज चढला.

हा प्रकार पाऊण तास चालला. फोटोगणिक डॉक्टर उजेड मोजत. तेवढ्यात ढग यायचा, की पुन्हा थांबा. एकदा तर सवयीने ते "घाबरू नका, दुखणार नाही" असंही म्हणून गेले. सरकता सरकता दोघे भाऊ सासऱ्यांच्या खुर्चीमागे खांद्याला खांदा लावून केव्हा उभे राहिले, ते त्यांनाही कळलं नाही.

"हा माणूस दवाखान्यातही असाच छळत असेल का रे?" समोर बघतच थोरले पुटपुटले.

"तिथे निदान बसायला तरी मिळतं," धाकटे म्हणाले.

सहा वर्षांतलं हे पहिलं बोलणं. सासऱ्यांनी मान वळवली नाही, पण त्यांचा चेहरा असा काही फुलला, की डॉक्टरांनी तिथेच बारावा फोटो काढला.

घरी येऊन डॉक्टरांनी बाथरूम अडवलं आणि रोल धुतला. तासाभराने बायकोने दार वाजवलं. "दिसतंय का काही फिल्ममध्ये?"

"दिसतंय," आतून खोल गेलेला आवाज आला. "पलीकडचा टॉवेल दिसतोय."

फिल्म कोरी होती! या रोलला पाठीमागून काळा कागद असतो. कागद मागे, फिल्म पुढे, असा तो बसवायचा. डॉक्टरांनी घाईत उलटा बसवला होता. बारा फोटो काढले होते ते कागदाचे. मोबाइल तर त्यांनीच कपाटात बंद करायला लावले होते. पंचवीस वर्षांची फुशारकी एका दुपारीत धुऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी ते सासऱ्यांसमोर मान खाली घालून उभे राहिले. "बाबा, माझ्या हातून घोटाळा झाला. एकही फोटो आला नाही."

सासरे पुढे झुकले. "म्हणजे परत काढावा लागेल?"

"हो."

"दोघांना परत यावं लागेल?"

"हो ना. शिव्या घालतील मला."

"घालू देत की!" म्हणत सासरे खुर्चीत ताठ बसले.

पुढच्या रविवारी दोघे आले ते डॉक्टरांना झोडपतच, आणि तेही एकाच गाडीतून. "मागच्या वेळी निम्मं लक्ष उजव्या-डाव्यातच गेलं," धाकटे म्हणाले. "उंचावरून काढा, सगळे नीट येतील." आणि थोरल्यांनी गाडीच्या टपावरून काय उतरवावं? तीच शिडी!

डॉक्टर पिशवीतून रोल काढत होते, तेवढ्यात सासऱ्यांनी त्यांना बाजूला घेतलं. "जावईबापू, या वेळी नीट बसवणार?"

"अगदी डोळ्यांत तेल घालून, बाबा."

"नका बसवू."

"म्हणजे?"

"फोटो आला, की दोघे आपापली प्रत घेऊन जातील. मग परत कशाला येतील?"

डॉक्टरांनी हातातल्या रोलकडे बघितलं, सासऱ्यांकडे बघितलं आणि रोल पुन्हा पिशवीत टाकला. रिकामा कॅमेरा गळ्यात अडकवून ते शिडी चढू लागले. धाकट्यांनी शिडी धरली होती.

"तिसरीला जपून हं डॉक्टर," खालून थोरले ओरडले, "ती नाहीये!"

"आधीपासूनच नव्हती!" धाकटे म्हणाले, आणि दोघेही पोट धरून हसायला लागले. तसेच हसत ते वडिलांच्या खुर्चीच्या दोन बाजूंना जाऊन उभे राहिले, तेव्हा वर डॉक्टरांनी काचेत मान घातली. दोघे मुलगे हसताहेत आणि मध्ये म्हातारा तृप्त होऊन बसलाय, इतकं सुंदर चित्र त्या काचेत त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांचा जीव नुसता तळमळला. तरी त्यांनी शांतपणे बारा वेळा बटण दाबलं.

संध्याकाळी त्यांनी थोरल्यांना फोन केला. "दादा, काय सांगू, परत कोरा आला हो!"

पलीकडून थोरल्यांचा आवाज ऐकू आला, पण तो डॉक्टरांसाठी नव्हता, शेजारी बसलेल्या कुणाशी तरी ते बोलत होते. "ऐकलंस? परत कोरा! दाढा तरी बरोबर काढतो का रे हा?"

"माझी एक चुकीचीच काढली होती," शेजारून धाकटे म्हणाले. "विचार त्याला, पुढच्या रविवारी किती वाजता यायचं?"