उंबरछायेतलं भोक

एका जंगलात रस्ते कोणीच बांधले नव्हते, म्हणून तिथे पुष्कळ रस्ते होते. पाय पडतील तिथे वाट होई आणि वाटेला वाट मिळे. विहिरीकडे जायला सात वाटा होत्या. एकीवर अस्वल झोपलेलं असलं, तर दुसरीने जायचं. असं सोपं होतं बघा, मुलांनो. सोप्या गोष्टी शहाण्यांना आवडत नाहीत, हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

तिथे एक दिवस तरसशेठ आला. त्याच्या काखेत नकाशा होता. नकाशा झाडासारखा दिसत होता. एक बुंधा, त्याला फांद्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक घर.

"या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारता येईल का?" माकडाने विचारलं.

"नाही," तरसशेठ म्हणाला. "मध्ये कुंपण आहे. तुमच्या गल्लीत यायला एकच रस्ता, जायलाही तोच. पुढे रस्ता नाही. उगाच कोणी दारावरून जाणार नाही."

आजवर 'पुढे रस्ता नाही' ही अडचण समजली जायची. तरसशेठने ती इतक्या मऊ आवाजात सांगितली की ती सोय वाटायला लागली.

जंगलाच्या मधोमध एक जुना उंबर होता. साऱ्या वाटा तिथे मिळायच्या. तो तोडून तिथे फाटक केलं आणि वसाहतीला नाव दिलं उंबरछाया.

भेकरराव आणि भेकरवहिनी गल्लीच्या टोकाला राहायला आले. वहिनीला दिवस गेले होते. कुंपणाच्या पलीकडे, वीस पावलांवर, साळूमावशी राहायची. ही जंगलातली जुनी सुईण. अर्ध्या जंगलाने डोळे उघडून पहिलं तोंड पाहिलं ते साळिंदराचं, आणि तरीही ते घाबरलं नाही, इतका तिचा हात हलका.

एका दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या. भेकररावांनी कुंपणावरून हाक मारली. मावशी निघाली. पण रस्त्याने वीस पावलांचे तीन कोस झाले होते. आपली वाट उतरायची, मोठा रस्ता धरायचा, मग भेकरांची गल्ली चढायची. वर तीन फाटकं. पहिल्याच फाटकावर रानरेडा वही घेऊन बसला होता.

"कुणाकडे?"

"भेकरांकडे."

"काय काम?"

"बाळंतपण."

"कुणाचं?"

"तुझं नक्कीच नाही," असं म्हणून मावशी आल्या पावली परत फिरली. कुंपणापाशी येऊन तिने आवाज दिला, "भेकरराव, शिंगं काय शोभेला ठेवलीत?"

भेकररावांनी मान खाली घातली आणि कुंपणाला धडक दिली. चौथ्या धडकेला भोक पडलं. मावशी आत शिरली. पाडस आडवं आलं होतं. तिने ते फिरवलं, आणि दिवस मावळायच्या आत पाडस आईला चिकटून दूध प्यायला लागलं. वहिनी मावशीचे पाय धरून रडली. "हे भोक म्हणजे देवाचं दार आहे मावशी," ती म्हणाली, आणि तेव्हा ती खरंच मनापासून बोलत होती.

भोकाची बातमी पसरली. विहीर पुन्हा जवळ आली. खारी आल्या, ससे आले, रानडुकरांचं अख्खं कुटुंब आलं. जंगल पुन्हा एकमेकांना भेटायला लागलं. तरसशेठने आठ कोसांवर नवी वसाहत काढली होती. तिथे पाटी लागली, 'भोकाची सोय उपलब्ध'.

पण मुलांनो, देवाच्या दारातून देव एकटा येत नाही. पाडसाला झोप लागली की नेमकी डुकरं जायची. वहिनीच्या अंगणात चिखल व्हायचा. शेवटी तिनेच सभा बोलावली.

"कोण कोण जातं, ओळख ना पाळख," ती म्हणाली. "आम्ही इथे शांततेसाठी राहायला आलो."

"मी रोज पाडसाला बघायला येते ग, पोरी," मावशी हळूच म्हणाली.

"तुम्ही याच ना मावशी. तुम्हाला कोण नाही म्हणतंय? फाटकावरून या."

भोक बुजवायचं ठरलं. या वेळी काट्यांचं नाही, दगडांचं. पहिला दगड भेकररावांनी ठेवला. टाळ्या पडल्या.

पुढच्या वर्षी वहिनीला पुन्हा दिवस गेले आणि पुन्हा कळा आल्या. भेकररावांनी भिंतीवरून हाक मारली. मग मान खाली घालून धडक दिली. भिंत चांगली बांधली होती. एक शिंग मोडलं.

मावशी रस्त्याने धावत होती. तिचं वय झालं होतं, आणि आता फाटकं पाच झाली होती. पाडसाचा एक पाय आत दुमडला होता. तो सरळ करायला जाणता हात हवा होता, आणि तो हात त्या वेळी तिसऱ्या फाटकावर स्वतःचं नाव लिहीत होता.

मावशी पोचली तेव्हा पाडस जन्मलं होतं. जगलं ते. पण पाय तसाच राहिला. मावशीने तो पाय बराच वेळ हातात धरून ठेवला.

"थोडं लवकर निघायला हवं होतं, मावशी," भेकरराव म्हणाले.

वहिनीने डोळे पुसले. "तुम्ही इकडेच का राहायला येत नाही?" ती म्हणाली. "शेजारच्या गल्लीत जागा आहे. अगदी सुरक्षित. तिथे कोणी पोचूच शकत नाही."

तात्पर्य : वाट मोकळी असावी, आपल्याला हवं ते माणूस आत येईपर्यंत. मग ती दगडांनी बुजवावी. आणि नंतर जे वळसा घालून येतील, त्यांना वेळेचं महत्त्व समजावून सांगावं.