समुद्राला जायच्या आधी फक्त चहा

सहली फसतात त्या नियोजनाच्या अभावी, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी पूर्ण जबाबदारीने मांडतो, कारण आमच्या सहलीत नियोजनाचा अभाव अजिबात नव्हता. निघायची वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, पेट्रोल कुठे भरायचं ते ठरलेलं. वाटेत उलटी झाली तर ती कुणाला व्हावी, एवढं सोडून सगळं ठरलेलं! आणि दिवाळीच्या पाडव्याला अंबडहून समुद्राला निघालेले आम्ही त्याच दुपारी जाफराबादेत शिरत होतो. ज्यांचा भूगोल कच्चा आहे त्यांच्यासाठी सांगतो: समुद्र पश्चिमेला आहे. जाफराबाद नाही.

आमच्या घरात मात्र भूगोल कच्चा नाही. माझी बायको प्रियदर्शनी झेडपीच्या शाळेत भूगोलच शिकवते. भरती, ओहोटी, खारे वारे, मतलई वारे, सगळं तोंडपाठ. फक्त समुद्र पाहिलेला नाही. मागच्या वर्षी वर्गात एका पोरीनं विचारलं, "म्याडम, तुमी पाह्यलाय का समुद्र?" ही म्हणाली, "हो, पाह्यलाय." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. खोटं ती बोलली, गुन्हेगार मी!

म्हणून यंदा गाडी घेतली आणि कोकणातल्या एका रिसॉर्टमध्ये खोली घेतली. मी पतसंस्थेत मॅनेजर. आमच्याकडे सलग चार दिवस सुटी मिळते ती दिवाळीत, नाहीतर मेल्यावर. तेव्हा हे चार दिवस म्हणजे समुद्र, आणि हे चार दिवस गेले की पुन्हा फळा आणि नकाशा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

निघताना माझी आई दारात आडवी आली.

"भुजंगा, नवी गाडी हाय. घरातल्या थोरल्याला दावल्याबिगर लांब न्यायची नसती."

थोरले म्हणजे इंद्रभानकाका, माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. मुक्काम केदारखेडा, तालुका भोकरदन.

"फक्त चहा घ्यायचा," मी प्रियदर्शनीला म्हणालो. "तिकडूनच संभाजीनगरमार्गे पुढे निघू."

"केदारखेडा उत्तरेला आहे," ती म्हणाली.

"पृथ्वी गोल आहे!" मी म्हणालो. या सहलीतला हा माझा शेवटचा विनोद.

केदारखेड्यात काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. बैल घेताना दात बघावेत तसं बॉनेट उघडून आत पाहिलं. टायरला लाथ मारून पाहिली. मग मागच्या सीटवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "एवढी जागा रिकामीच चाल्ली का?"

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न नसतो. हा निकाल असतो.

"रिकामी नाही काका, बॅगा आहेत."

"बॅगा डिक्कीत जात्यात," काकांचा मुलगा भागवत म्हणाला. मी वळून पाहिलं तर त्या गेल्या होत्या!

"आपली दैवशाला जाफराबादेत वाट पाहून राह्यली," काका म्हणाले. "उद्या भाऊबीज, अन अजून मुराळी गेला न्हाई."

सासरी दिलेली लेक दिवाळीला आपणहून माहेरी येत नाही. तिला न्यायला माहेरचा पुरुष जावा लागतो, तो मुराळी. जाफराबादहून एसटी आहे, जीप आहे, दैवशाला स्वतः बचत गटाची अध्यक्ष आहे, बँकेत एकटी जाऊन साहेबाला घाम फोडते. पण माहेरी यायचं तर मुराळी पाहिजे!

"भागवत जाईल की," मी म्हणालो.

"त्याला कापसाचं काम हाय. तू बी भाऊच ना तिचा? चुलत असला म्हनून काय झालं! जायचं अन यायचं. चहा निवंस्तोवर येशील!"

"जाफराबाद पूर्वेला आहे," प्रियदर्शनीने सांगितलं. काकांनी तिचं कौतुक केलं. "बराबर! सूनबाईला रस्ता म्हाईत हाय, मंग काय!"

जाफराबादेत दैवशाला पिशवी भरून उंबऱ्याशीच बसलेली होती. मला वाटलं, आलं हातात! पण तिच्या सासूबाई, चांगुणाबाई, यांनी पाट मांडला.

"मुराळी उपाशी जात नसतो, पाव्हनं."

पुरणपोळ्या झाल्या. त्यावर तूप झालं. पोटात चार आणि डोळ्यांवर झापड अशा अवस्थेत मी म्हणालो, "दैवशाला, चल बाई."

"कुठं चल?" चांगुणाबाई म्हणाल्या. "आमची तृप्ती आल्याबिगर? आमची लेक माहेरी आली न्हाई अन सून माहेरी गेली, तर लोक काय म्हन्तील? घर मोकळं पडलं म्हन्तील!"

"मग तृप्तीताईंना आणायला कोण गेलंय?"

"कोन जानार? तुमी आलात की गाडी घेऊन!"

"कुठं दिलीय त्यांना?"

"अंबडला."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "अंबडला कुठं?"

"ते नवं मंगल कार्यालय हाय न्हवं का, त्याच्या मागं."

आमचं घर त्या मंगल कार्यालयाच्या पुढे आहे.

प्रियदर्शनीने शांतपणे हात धुतले. "अंबड दक्षिणेला," ती म्हणाली. उत्तर, पूर्व आणि दक्षिण या तीन दिशा एका दिवसात लागल्या होत्या. कोकणाची तेवढी राहिली होती.

मी नाही म्हणायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणून पाहा! उंबऱ्यावर दैवशाला माझ्याकडे बघत होती, गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, पोटातल्या पुरणपोळ्यासुद्धा माझ्याकडे बघत असाव्यात. मुराळी रिकाम्या हाताने परत गेला, तर माहेराची अब्रू जाते. माझी सुटी गेली, तर कुणाचंच काही जात नाही.

रात्री कुणी सोडलं नाही. भाऊबीजेच्या सकाळी रिसॉर्टवाल्याचा फोन आला.

"सर, येताय ना? रूम रिकामी आहे."

"वाटेत आहोत," मी म्हणालो. मी भोकरदनच्या दिशेने गाडी चालवत होतो. वाट होती. खोटं नव्हतं.

पाठोपाठ प्रियदर्शनीचा भाऊ कल्याण याचा फोन. तो पुण्याला असतो.

"ताई, तुम्ही कोकणात म्हणून मी यंदा भाऊबीजेला आलो नाही. कसा आहे समुद्र?"

हिने खरं ते सांगितलं. मग कल्याण म्हणाला, "म्हणजे खोली रिकामीच पडलीय का?"

"हो."

"मग आम्ही जाऊ का, ताई? पोरं मागंच लागलीत."

"जा बाबा," प्रियदर्शनी म्हणाली. "आपल्यातल्या कुणीतरी बघा." आणि तिने काच वर केली. बाहेर धूळ नव्हती. जिल्ह्यातल्या लेकी माहेरी पोचाव्यात म्हणून आम्ही रस्ते तुडवत होतो, आणि हिचा मुराळी हिच्याच खोलीत झोपायला निघाला होता!

अंबडला आमच्या गल्लीत शिरलो तर शेजारचे रखमाजी अंगणात पाणी मारत होते.

"आलात बी? कसा होता समुद्र?"

"ओला," मी म्हणालो.

आई धावत बाहेर आली. "काका काय म्हनले गाडीला?"

तृप्तीताई तयारच होत्या. फराळाचे डबे, एक उशी, आणि माहेरी लावायला म्हणून कढीपत्त्याचं रोप. गाडी सुरू करण्याआधी मी सगळा धीर गोळा करून विचारलं, "तुम्हाला नणंद आहे का हो?"

"न्हाई. आमचे हे एकटेच."

दोन दिवसांतली ही पहिली चांगली बातमी. त्या आनंदात मी जरा जोरात चालवली, आणि नियोजनात उलटीचा जो मुद्दा राहून गेला होता, तो तृप्तीताईंनी राजूरच्या पुढे निकालात काढला. नव्या सीटवर!

जाफराबादेत लेक आली म्हणून पुन्हा पुरणपोळी. चांगुणाबाई सुनेला म्हणाल्या, "जा आता. कोन अडवतंय तुला?" जणू सगळं मीच अडवून धरलं होतं!

तिसऱ्या दिवशी सकाळी दैवशालाला घेऊन केदारखेड्याला निघालो. तिच्या पिशवीतून पूर्ण बाह्यांचा एक पुरुषी शर्ट डोकावत होता, कोपरावर फाटलेला.

"माहेरी चाललात, आणि हा फाटका शर्ट कशाला हो?" प्रियदर्शनीने विचारलं.

"कापूस येचायला, वहिनी. हात खरचटत्यात ना बोंडांनी. मालकाचा जुना शर्ट घालते."

"दिवाळीला?"

"दिवाळीलाच की! तवाच फुटतो. गावात येचायला मानूस मिळून न्हाई राह्यलं. म्हनून तर बाबा दरसाल न चुकता मुराळी धाडतात." ती हसली. "लई जीव हाय त्यांचा माझ्यावर."

ते हसणं खरं होतं की नव्हतं, हे मला आरशात नीट दिसलं नाही.

केदारखेड्यात काकांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, चहा पाजला, आणि झोळी हातात दिली. मग माझ्याकडे वळले.

"आभाळ भरून आलंय, भुजंगा. पानी पडलं तर सगळा कापूस मातीत. आलाच हायेस तर दोन तास हात लाव. सूनबाई, तुमी बी या, मोकळी हवा लागंल!"

सहलीला मोकळी हवा लागतेच. आम्ही संध्याकाळपर्यंत वेचत होतो. मी कोकणासाठी घेतलेली फुलाफुलांची अर्धी चड्डी घातली होती. बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून मला बघत होत्या.

दिवस कलताना प्रियदर्शनीचा फोन वाजला. कल्याणने फोटो पाठवला होता. शेतात नेटवर्क जेमतेम. फोटो पूर्ण उघडेना. नुसता धूसर निळा चौकोन, आणि कोपऱ्यात काहीतरी पांढरं.

"समुद्र!" दैवशाला म्हणाली. तिने हात शर्टाला पुसून फोन घेतला. वेचणाऱ्या सगळ्या बायका झोळ्या सांभाळत भोवती जमल्या.

"आगं बया! एवढं पानी?"

"हे तर काहीच नाही," प्रियदर्शनी म्हणाली. तिचा वर्गातला आवाज लागला होता. "हे पांढरं दिसतंय ना, ही लाट. भरतीची वेळ असणार. चंद्र पाण्याला ओढतो, तेव्हा लाट अशी वर येते."

"आवाज लई येतो म्हन्तात, वहिनी."

"येतो. लांबून येतो."

त्या वेळी माझ्या बायकोने समुद्र पाहिलेला नाही, असं कुणालाही वाटलं नसतं. मलासुद्धा वाटलं नाही. दोन बायकांनी फोनला हात लावून नमस्कार केला.

चौथ्या दिवशी आम्ही घरी निघालो. राजूरच्या जवळ फोनला नेटवर्क आलं आणि फोटो उघडला. प्रियदर्शनीने तो बोटांनी मोठा करून पाहिला. मग तिने फोन माझ्यापुढे धरला. निळ्या फरशीचा पोहायचा हौद होता. लाट म्हणजे प्लास्टिकची पांढरी खुर्ची.

तिने कल्याणला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"समुद्राचा फोटो पाठव ना रे."

"समुद्रावर कुठं गेलो, ताई? पोरं हौदातच खेळली."

"का? लांब आहे का?"

"छे! गेटमधून चालत पाच मिनिटं. पण तिथं गाडी लावायला जागा नाही म्हणे."