सायकल किती देते?

एका जंगलात, बाळांनो, कुणाला काही विकायचं असलं की वडाच्या खोडाला पाटी लावावी लागे. मग साऱ्या जंगलाने ती वाचायची, मालकाच्या बिळापर्यंत चालत यायचं, "आहे का अजून?" असं विचारायचं आणि "आहे" म्हटलं की निघून जायचं. अशी तिथली रीत होती. तुमच्याकडेही असेलच.

त्या जंगलात टोचणराव नावाचा साळिंदर राहायचा. स्वभावाने गरीब, हाताने कुशल आणि एका बाबतीत ठार वेडा. सहलीला आलेल्या कुणी तरी डोंगरात चालवायची जाड टायरांची, गिअरची सायकल दरीत टाकून दिली होती. ती टोचणरावाने ओढत घरी आणली. मग मागच्या चाकात मोटर बसवली. बॅटरी बायकोच्या लाडवांच्या डब्यात घातली आणि डबा दांडीला करकचून बांधला. जंगलाला वीज काजवे पुरवत. त्यांच्या हातापाया पडून एक तार बिळापर्यंत आणली.

आणि एका सकाळी ती सायकल पेडल न मारता टेकडी चढून गेली. टोचणराव आनंदाने इतका फुलला की शेजारच्या सशाला चार काटे लागले.

त्याची बायको शलाकाबाई मात्र फुलली नाही. तिला दिवस गेले होते. बीळ एका खोलीचं. सायकल आडवी लावली तर दार उघडत नसे आणि उभी लावली तर पाय लांब करता येत नसत. शिवाय लाडू आता केळीच्या पानावर ठेवावे लागत आणि मुंग्या येत.

"पिल्लं व्हायच्या आत ही सायकल गेली पाहिजे," ती म्हणाली. "नाही तर मी माहेरी जाते. पिल्लं तिकडेच वाढतील."

शलाकाबाई बोलली की करायची. बायकोवर त्याचा जीव होता. सायकलवरही होता, पण ते त्याने बोलून दाखवलं नाही. तेवढी अक्कल त्याला होती.

त्याने पाटी लावली. टोचणरावाला खोटं बोलता येत नसे, हा त्याच्यातला आणखी एक दोष. पाटीवर लिहिलं होतं : घरी बनवलेली विजेची सायकल. चढावर उत्तम. पुढचा ब्रेक कुईं करतो. डब्याला अजून तुपाचा वास येतो.

आधी कोल्हा आला. त्याने विचारलं, कंपनी कोणती? टोचणराव म्हणाला, कंपनी नाही, मीच केली. मग बिघडली तर शिव्या कुणाला द्यायच्या, असं कोल्ह्याने विचारलं. मला द्या, टोचणराव म्हणाला. तोंडावर शिव्या देणं कोल्ह्याच्या संस्कारात बसत नव्हतं. तो निघून गेला.

मग माकड आलं. जरा एक चक्कर मारून येतो म्हणालं आणि सासुरवाडीला जाऊन, जेवून, झोप काढून परत आलं. वर म्हणालं, सीट टोचते.

बाकीचे आले ते नुसतं "किती देते?" विचारायला. टोचणराव सांगायचा, एका चार्जिंगला चाळीस देते. ते मान हलवायचे आणि जायचे. मोटर कशी बसवली, तारा कुठून नेल्या, हे एकानेही विचारलं नाही. याचं टोचणरावाला फार वाईट वाटलं. शलाकाबाईने तिकडे गाठोडं बांधायला घेतलं होतं.

अशात सायाजी बोका आला. हा बोका जन्म गावात काढून जंगलात आलेला. म्हणजे गावाने त्याला झाडूने इकडे पाठवलेलं. त्याला जंगलात सगळं मिळालं, दूध तेवढं मिळालं नाही. दुधावाचून तो अगदी वाळून गेला होता. वाचता येत नसल्याने पाटी त्याने वाचली नव्हती. टोचणराव काही तरी विकतोय आणि ती चाळीस देते, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं.

आता बघा बाळांनो, गाडी विकायला काढली तरी लोक "किती देते?" विचारतात आणि म्हैस विकायला काढली तरी हेच विचारतात. भाषा आपली अशी काटकसरी.

सायकल बिळाबाहेर उभी होती. शलाकाबाईला ती नजरेसमोर नको असल्याने वर गोधडी टाकलेली. हँडलची दोन टोकं तेवढी बाहेर. सायाजीने लांबूनच शिंगांचा अंदाज घेतला.

"चाळीस देते म्हणे. दिवसाला?"

"एका चार्जिंगला. दोनदा केलं तर ऐंशी."

सायाजीच्या मिशा थरथरल्या. "खाते काय?"

"काही नाही. संध्याकाळी काजव्यांच्या तारेला लावून ठेवायची."

"लाथ मारते का?"

"सुरुवातीला एकदम झेपावते. पाय जपून ठेवायचा."

"आणि वेत कितवं?"

टोचणरावाने बायकोकडे पाहिलं. ती ओणवी होऊन गाठोड्याची गाठ मारत होती. इतक्या आपुलकीने चौकशी कुणीच केली नव्हती. "पहिलंच," तो म्हणाला. "म्हणून तर विकतोय. जागाच पुरत नाही."

सायाजीने पसंती दिली आणि धार कोण काढतं, ते विचारलं.

तेव्हा कुठे टोचणरावाच्या डोक्यात प्रकाश पडला. बाळांनो, तुम्ही असता तर गप्प बसला असता. मीही बसलो असतो. पण टोचणराव म्हणाला, "अहो, ही सायकल आहे."

"जर्सी ऐकलीय," सायाजी म्हणाला. "सायकल ही जात नवीन दिसते. परदेशी का?"

"ही दूध देत नाही हो. एक थेंब देत नाही."

सायाजी हसला. गिऱ्हाईक माल भाकड म्हणतं, तो भाव पाडायला. मालकच स्वतःच्या मालाला भाकड म्हणतोय, म्हणजे त्याला विकवत नाहीये. म्हणजे माल लाखातला. एवढा हिशेब करून त्याने रताळ्यांचं एक पोतं टाकलं आणि गोधडीसकट सायकल ढकलत नेली. टोचणराव थेट टेकडीपर्यंत "दूध देत नाही" असं ओरडत मागे गेला. तो जितका ओरडला तितका सायाजी वेगाने ढकलत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायाजी लोटा घेऊन टेकडीवर धार काढायला बसला. खाली काही सापडेना. हँडलच्या टोकाला मऊ रबर लागलं. परदेशी जातीचं पुढे असेल, असं म्हणून त्याने ते पिळलं. मोटर चालू झाली. सायकल उतारावरून सुसाट सुटली आणि सायाजी हँडलला लोंबकळत गेला. गावाच्या वेशीशी गवळी दुधाच्या किटल्या मांडून बसला होता. तिथे सायाजीच्या पंज्यात ब्रेक आला. ब्रेक कुईं करून लागला. सायकल जागच्या जागी थांबली, सायाजी पुढे गेला आणि थेट किटलीत पडला.

दुपारी तो पांढराशुभ्र होऊन, टम्म पोटाने परतला. वडाखाली उभं राहून त्याने जाहीर केलं, "चाळीसचं मोजलं नाही. पण पोटभर देते."

संध्याकाळी टोचणरावाच्या दारात सगळं जंगल उभं. कोल्हा पहिला. त्याला आता कंपनी नको होती, घरचीच हवी होती. घरच्याची चव वेगळी, असं तो सगळ्यांना समजावून सांगत होता. दूध देत नाही, असं टोचणरावाने प्रत्येकाला बजावलं. प्रत्येकाने डोळा मारला आणि आपलं रताळ्याचं पोतं आत सरकवलं.

टोचणरावाने नाही म्हणायला हवं होतं. पण आपण केलेली वस्तू सगळ्या जंगलाला हवी आहे, हे सुख त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो पुन्हा फुलला आणि हो म्हणाला. माणसांनी टाकलेल्या सायकलींना दरीत तोटा नव्हता. काही दिवसांतच बिळात हँडलं, चाकं, मोटरी आणि वरपर्यंत रताळी. शलाकाबाईला कूस बदलायची तरी सोय उरली नाही.

तिने गाठोडं उचललं, दाराशी तयार उभी असलेली सायकल घेतली, कॅरिअरला गाठोडं बांधलं, सीटवर उशी ठेवली आणि माहेरच्या वाटेला लागली. तिचं माहेर डोंगरापलीकडे. चढ असा, की भल्याभल्यांनी बसत बसत जावं. सायकल मात्र गुणगुणत वर चढू लागली.

टोचणराव धावत बाहेर आला. दुधाची बातमी फुटल्यापासून सगळ्या जंगलात एकट्या शलाकेने सायकल सायकलसारखी चालवली होती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं शलाका," त्याने गदगदून हाक मारली, "दुसरा गिअर टाक."

तिने टाकला. आणि ती दिसेनाशी झाली.

तात्पर्य : मुलांनो, माल विकताना नेहमी खरंच बोलावं. गिऱ्हाईक ते ऐकत नाही, त्यामुळे धंद्याला धक्का लागत नाही. वस्तू मात्र जरा वाईटच बनवावी, म्हणजे बायको घरी राहते.