शमुवेल मास्तर आणि तीन मण बाभूळ

दर शनिवारी दुपारी चारला शमुवेल मास्तर माझ्या वखारीत यायचे. बूट, टोपी, चष्मा, खिशातलं घड्याळ आणि ख्रिस्ती देवळातल्या गाण्यांची वही माझ्या गादीवर नीट मांडून ठेवायचे आणि लाकडाच्या काट्याच्या उजव्या पारड्यात मांडी घालून बसायचे. मग डोळे मिटून म्हणायचे, "नाना, जुन्या मनुष्याला आणा."

जुना मनुष्य म्हणजे बाभळीच्या ओंडक्यांचा एक ढीग. मागच्या भिंतीला वेगळा रचलेला, प्रत्येक ओंडक्याला डांबराचा ठिपका. आमचा केरू हमाल तो ढीग डाव्या पारड्यात चढवायचा. गिऱ्हाइकं खोळंबायची, बघत राहायची. माळीवाडा वेशीबाहेर तेव्हा चार वखारी होत्या, पण मास्तर विकायला काढलेली ही एकच, असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे.

मास्तरांनी तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं होतं. बायको वारली होती. एकुलती मुलगी मार्था लग्न होऊन डोंगरात गेली होती. राजूरच्या पुढे दोन कोस चढावर एक लहानसा दवाखाना होता, तिथे ती नर्स. तिला मुलगी झाली तेव्हा मास्तर नातीला बघायला निघाले. राजूरपर्यंत कोळशावर चालणाऱ्या मोटारीने गेले. पुढे पायवाट. पाव कोस चढले आणि छातीत कळ येऊन खडकावर बसले ते उठेनातच. चार गड्यांनी डोलीत घालून खाली आणलं. वाटेत पुढचा गडी मागच्याला म्हणाला, "आरं, मास्तर हाय का म्हस हाय?"

हे मला मास्तरांनीच सांगितलं. वर म्हणाले, "प्रश्न योग्य होता."

नगरला परत आल्यावर डॉक्टरांनी तपासलं. धान्य बंद, गोड बंद, बटाटा-रताळं बंद. अडीच मणांच्या खाली या, मगच चढा. त्याआधी चढलात तर नातीला बघायचं राहूनच जाईल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मार्थाला दवाखाना सोडून येता येत नव्हतं, आणि तान्ही पोर एवढ्या लांब पाठवणार कुणाबरोबर? तेव्हा मास्तरांनी उतरायचं आणि मग चढायचं, असा बेत ठरला.

दिवाळी होऊन गेल्यावर ते पहिल्यांदा वखारीत आले. मी म्हटलं, "मास्तर, वजनच करायचं तर दवाखान्यात करा की."

"तो काटा पौंडात बोलतो. स्टेशनावरचा स्टेशनवाल्यांच्या मर्जीने बोलतो. शेर म्हणाल तर कच्चा निराळा, पक्का निराळा. आणि नाना, तुमच्याकडे मापं दोन जातीची आहेत. एक रोजची. दुसरी, तपासणीचा साहेब आला की आतल्या खोलीतून निघतात ती. खोटं आहे का?"

माणसाने इतकं स्पष्ट बोलू नये.

"म्हणून मला मापच नको," मास्तर म्हणाले. "आज माझ्याइतकं लाकूड मोजा. ते मी विकत घेतो आणि इथेच ठेवतो. तो जुना मनुष्य. मी उतरलो की त्याचं पारडं खाली जाईल. बरोबरी होईपर्यंत त्यातून काढायचं, आणि काढलेलं मी घरी नेणार. लाकूड सुकं आहे ना?"

"खडखडीत! ओलं निघालं तर नाव बदलीन."

हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणायचो. वखारवाल्याचा तो रामराम आहे, तो कुणी मनावर घेत नाही. मास्तरांनी घेतला. ढीग भरला तीन मण आणि वर दोन शेर.

मास्तरांच्या पथ्याचा कायदा एका ओळीचा होता: जात्यात जाईल ते पोटात नाही. ज्वारी, बाजरी, गहू गेले. डाळीचं पिठलं गेलं. मी म्हटलं, "मग चटणी?" तर म्हणाले, "चटणी पाट्यावर. पाट्याला बंदी नाही." घरच्या कोंबड्यांची तीन अंडी, शेपू नाहीतर मेथी, ताक, मूठभर शेंगदाणे आणि रविवारी देवळातून आल्यावर मटण. लढाईचे दिवस होते. रेशनच्या किडक्या ज्वारीसाठी लोक उन्हात उभे राहत होते आणि हा गृहस्थ आपण होऊन भाकरी सोडतो म्हटल्यावर गल्लीत नाना तर्क झाले. कुणी म्हणालं नवस आहे, कुणी म्हणालं दुसरं लग्न करायचंय.

पण भाकरी माणसाला सोडत नाही. आमचं बिऱ्हाड वखारीच्या मागेच. बायको भाकऱ्या थापायला बसली की मास्तर यायचे आणि ओट्यावर डोळे मिटून बसायचे. खायचे काही नाहीत, नुसतं ऐकायचे. एकदा म्हणाले, "वहिनी, आजची कडेला जाड झाली. आवाज जड येतोय." ही बिचारी रात्रंदिवस राबणारी, चिडायचं की हसायचं तिला कळेना. तव्यावरची उलटून बघितली, तर खरंच कडेला जाड होती.

पहिले तीन महिने मास्तरांनी मैदान मारलं. दर शनिवारी लाकडाचं पारडं खाली जायचं, केरू एखादा ओंडका काढायचा, कुऱ्हाडीने ढलपी उडवून काटा जुळवायचा. काढलेला ओंडका काखेत मारून मास्तर भर बाजारातून घरी जायचे. कुणी भेटलं की ओंडका पुढे धरायचे. "गेल्या शनिवारी हा माझ्यात होता." लोक ओंडक्याकडे बघायचे, मास्तरांकडे बघायचे आणि वाट सोडायचे. संध्याकाळी मार्थाला कार्ड जायचं: या आठवड्यात एक ओंडका. माघ संपेपर्यंत अकरा शेर गेले. अजून अकरा राहिले होते, शिवाय एक वरकड, डॉक्टरांच्या समाधानासाठी.

आणि फाल्गुनात काटा थांबला.

पहिल्या शनिवारी मास्तर म्हणाले, "विश्रांती आहे. गाणं म्हणतानाही आपण श्वास घेतो." दुसऱ्या शनिवारी नखं काढून आले. तिसऱ्या शनिवारी केस बारीक कापून आले आणि खालची कवळी काढून माझ्या गादीवर ठेवली. पारडं हललं नाही. मग शेंगदाणे सोडले. सकाळी सावेडीच्या माळापर्यंत चालत जायचे, ते संध्याकाळीही जाऊ लागले. एका कोंबडीवरही संशय घेतला. तिची अंडी गोडसर लागतात म्हणाले. ती कोंबडी माझ्या बायकोला दिली. अंडी चांगली अंड्यासारखी होती.

मला चमत्कार वाटायचा तो वेगळाच. मास्तरांचा कोट त्यांच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायला लागला होता. पट्ट्याला तीन नवी भोकं पडली होती. बोटातली अंगठी दोरा गुंडाळून बसवली होती.

"मास्तर, कोट बघा की!" मी म्हणायचो.

"कोट माझ्याच बाजूने बोलणार, नाना. माझ्याच अंगावर वाढलाय तो."

चैत्रात तर उलटंच झालं. मास्तर बसले आणि त्यांचंच पारडं खाली गेलं. लाकूड वर. पुढच्या शनिवारी घरून एक ओंडका परत घेऊन आले. "हा पुन्हा माझ्यात आला," म्हणाले आणि ढिगावर ठेवला. ओंडक्याची एक बाजू तासून गोल केली होती. म्हातारपणी माणसाला काय काय सुचतं, म्हणून मी काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी मार्थाला कार्ड गेलं नाही.

ढीग मागे रचताना केरू माझ्या कानाशी आला. "नाना, ह्ये लाकूड लई हलकं झालंय. दिवाळीला उचलत न्हवतं, आता एका हातानं येतंय. मास्तर वाळल्याती, पन लाकूडबी वाळलंय."

मी म्हटलं, "केरू, तोंड बंद ठेव."

आता खरं सांगतो. ते मलाही आठवडाभर आधी उमगलं होतं. ती बाभूळ दिवाळीच्या आधी दहा दिवस तोडलेली होती, आत पाणी भरलेलं. हिवाळ्यात ते सावकाश सुटलं, ऊन चढलं तसं भराभर सुटलं. मास्तर शेरभर उतरले की लाकूडही शेरभर उतरायचं, आणि काटा मधोमध उभा. वखारवाल्याला हे कळू नये? आमचा अर्धा धंदा त्या पाण्यावर चालतो! पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? लाकूड ओलं होतं, असं उभ्या जन्मात कुठला वखारवाला बोललाय? माझा बाप मरेपर्यंत बोलला नाही. मी मनाला म्हटलं, दोन आठवड्यांत लाकूड पुरतं वाळेल, मग लाकडाचं पारडं आपोआप जाईल खाली. मास्तरांना कळायचंही नाही. मी असा माणूस आहे.

वैशाखातल्या पहिल्या शनिवारी मास्तर आले. बूट काढले, पण वही, घड्याळ काही काढलं नाही. बसले. पुन्हा त्यांचंच पारडं खाली. मग उतरले, पायात बूट घातले, नाड्या बांधल्या.

"नाना," म्हणाले, "वहिनींना सांगा, दोन भाकऱ्या जास्त टाका. आज मी जेवतो. मार्थालाही लिहून टाकतो, की वाट बघू नकोस. तिने पोरीला सांगून ठेवलंय, आजोबा येणार म्हणून. उगाच कशाला."

आवाज अगदी साधा होता, वर्गात हजेरी घेतात तसा. मला मात्र ते ऐकवलं नाही. वखारीत दोन गिऱ्हाइकं उभी होती: खानावळवाल्या राधाबाई आणि सावेडीचा एक बागाईतदार. थोडं थांबलो असतो तर ती गेली असती. पण मास्तर ओट्याकडे निघाले होते आणि आत थापण्याचा आवाज सुरू झाला होता.

"मास्तर, लाकूड ओलं होतं!" मी ओरडलोच.

बागाईतदाराने हातातली मोळी खाली ठेवली.

"तुम्ही उतरलात तसा ढीगही उतरला. तुमचं काही चुकलं नाही. मी खोटं बोललो."

"आन् गेल्या महिन्यात मला दिलं ते?" राधाबाई म्हणाल्या.

"तेही ओलं."

"धुरानं डोळं गेलं की माझं! मी म्हनत हुते चूल बिघाडली. दोनदा लिंपली चूल!"

"केरू," मी म्हटलं, "आतल्या खोलीतली मापं आण."

केरूला वाटलं साहेब आला. तो पळतच गेला. मास्तर परत पारड्यात बसले, या वेळी बुटांसकट. केरूने मापं एकेक करून चढवली. काटा मध्ये आला तेव्हा मी मोजलं, मास्तरांनी मोजलं, राधाबाईंनीही मोजलं, कारण त्यांचा आता माझ्यावर विश्वास नव्हता. दोन मण एकोणीस शेर, म्हणजे अडीच मणांना एक शेर कमी. बुटांसकट.

मला वाटलं मास्तर उड्या मारतील, निदान शिव्या तरी देतील. ते पारड्यातच बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे चाकं तडकली, ती त्यामुळे होय?"

"कसली चाकं?"

ते मला घरी घेऊन गेले. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात पाऊल ठेवलं. एक खाट, एक टेबल, भिंतीवर बायकोचा फोटो. ते ओंडके चुलीत गेले असतील, असंच मी धरून चाललो होतो. एकही जळला नव्हता. खिडकीखाली एक पांगुळगाडा उभा होता. पोरं चालायला शिकताना धरून ढकलतात तो, तीनचाकी. धरायची दांडी वाकडी, पण हातात कुसळ जाऊ नये म्हणून घासून घासून गुळगुळीत केलेली. मागची दोन चाकं बसवलेली, दोन्हींना आरपार तडे, आणि तड्यांवर तार आवळलेली. पुढच्या चाकाची जागा रिकामी.

"तडे गेले तेव्हा मला वाटलं, आपल्याच हाताला कसब नाही," मास्तर म्हणाले. "जन्मभर खडूच धरलेला हा हात. लाकडाची शंका आली होती एकदा. पण तुम्ही खडखडीत म्हणाला होता."

मला इतकी लाज बापासमोरही कधी वाटली नाही. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चांगल्या सुताराकडून का नाही करून घेतलात?"

"नात मोठी होऊन कधीतरी विचारील, मी चालायला लागले तरी आजोबा का आले नाहीत. तेव्हा हा दाखवीन. म्हणीन, बाळ, हे एवढं आड येत होतं." त्यांनी दांडीवरून हात फिरवला. "तिसरं चाक तेवढं राहिलं. तो ओंडका मी तुम्हाला परत दिला."

मी वखारीत आलो. ढिगावरचा तो एका बाजूने गोल केलेला ओंडका शोधला, नखाने वाजवून बघितला, केरूलाही वाजवायला लावला. आता मात्र तो खरोखर खडखडीत होता. रविवारी मी स्वतः वाकस घेऊन बसलो. मास्तर समोर अंडं खात बसले होते आणि कुठे जास्त तासलं जातंय ते सांगत होते.

मंगळवारी ते राजूरच्या मोटारीत बसले. पांगुळगाडा टपावर बांधायचा नाही म्हणून मांडीवर घेतला. माझ्या बायकोने वाटेत खायला दिलं ते उकडलेली अंडी आणि मेथी. भाकरी दिली नाही. म्हणाली, वर पोचू देत आधी.

पंधरा दिवसांनी मला कार्ड आलं. "नाना, अकरा ठिकाणी बसलो, पण चढलो. डोलीचे गडी वाटेत भेटले, त्यांनी ओळखलं नाही. नात एव्हाना पांगुळगाड्याशिवाय चालते. रोज संध्याकाळी ती पुढे चालते आणि गाडा मला धरायला लावते. आजोबांना चालायला शिकवते आहे, असं मार्थाचं म्हणणं."

खाली थोडी जागा उरली होती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: "पुढचं चाक अजून तडकलेलं नाही."

केरूला वाचता येत नाही, म्हणून मी ते कार्ड त्याला दोनदा वाचून दाखवलं. मग राधाबाई लाकूड न्यायला आल्या. सुकं आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "महिनाभर थांबा."