चालक वगळून

वजनमापे तपासणी कार्यालयाची जुनी गाडी भंगारात निघाली, आणि त्याच आठवड्यात वरून आदेश आला की नवी गाडी लहान घ्यावी. किती लहान, ते आदेशात नव्हतं. ज्या कार्यालयात दुकानदाराच्या तराजूतला केसभर फरकही खपवून घेत नसत, तिथे ‘लहान’ हा शब्द असा उघडाबोडका सोडून चालणार नव्हता. म्हणून त्याचं माप ठरवायला एक समिती नेमली गेली. समितीत मोठे साहेब, भांडारपाल आणि निरीक्षक बाई असे तिघे होते. चालक नव्हता. समिती गाडी घेण्यासाठी होती, चालवण्यासाठी नव्हती, आणि हा भेद भांडारपालांनी पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवला.

चालकाला सगळे शिडी म्हणत. उंची सहा फूट तीन इंच, बावीस वर्षांची नोकरी, स्वभाव गायीसारखा. सगळ्यात वरच्या फळीवरची फाइल हवी झाली की त्याला हाक जायची. कार्यालयात लाकडी शिडीही होती, पण ती काढायला मागणीपत्र भरावं लागे. याला नुसतं नाव घेतलं की पुरे. निवृत्तीला पाच वर्षं होती, मुलगी परिचारिकेचं शिक्षण घेत होती, आणि तोवर आपण या कार्यालयाची गाडी चालवणार याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

समितीच्या चार बैठका झाल्या. गाडीत कोण आणि काय मावलं पाहिजे याची यादी झाली. साहेबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा त्यांच्या पायांपुढे अकरा इंच मोकळी जागा. निरीक्षक बाईंना मांडीवर नोंदवही उघडता येईल इतकी रुंदी. प्रमाण वजनांची पेटी पुढे, चालकाच्या शेजारी, कारण ती अधिकाऱ्यांच्या नजरेसमोर राहिली पाहिजे असा नियम. साहेब बसणार चालकाच्या मागे, कारण कार्यालयाच्या पायऱ्या त्याच बाजूला येतात आणि साहेबांनी गाडीला वळसा घालून जाणं बरं दिसलं नसतं.

गाड्यांच्या दुकानात तिघेही टेप घेऊन गेले. शिडी बरोबर होता, पण बाहेर, चपला काढून ठेवाव्यात तसा. काचेतून तो बघत होता. साहेब एका गाडीत बसले, उतरले, दुसरीत बसले. बाईंनी नोंदवही उघडून मिटून पाहिली. सातव्या गाडीत पेटीसुद्धा बसली.

“पुढे कोण बसणार?” विक्रेत्याने विचारलं.

“चालक.”

“मग काही अडचण नाही,” विक्रेता म्हणाला.

शिडी हळूच आत आला. “मी एकदा बसून बघू का?”

भांडारपाल हसले. “तुला कसली घाई रे? तू तर रोजच बसणार आहेस.”

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शिडी पुन्हा बाहेर जाऊन उभा राहिला.

गाडी कार्यालयात आली ती दुकानातल्या एका बुटक्या माणसाने चालवत आणली. किल्ली शिडीच्या हातात देऊन तो चेंडूसारखा टुणकन उतरला. शिडी बसायला गेला. आधी उजवा पाय घातला, तर डोकं बाहेर राहिलं. मग डोकं घातलं, तर डावा पाय बाहेर. चौथ्या खेपेला तो सगळाच्या सगळा आत गेला आणि दार लागलं, तेव्हा व्हरांड्यातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्याचे गुडघे चाकाच्या दोन्ही अंगांना वर आले होते, हनुवटी छातीला टेकली होती आणि मानेच्या मागच्या हाडावर गाडीचं छत ठेवल्यासारखं होतं.

“सीट मागे घ्या की,” बाई म्हणाल्या.

त्याने सीट दोन बोटं मागे घेतली. मागून साहेब कळवळले. “अहो, अजून सरकलात तर मला परत भरती व्हावं लागेल!”

सीट जागच्या जागी आली, आणि तपासणीचा दौरा सुरू झाला.

पहिल्या चौकात लक्षात आलं की शिडीला सिग्नल दिसत नाही. त्याला दिसायचा तो रस्ता, पुढच्या गाडीची चाकं आणि पायी चालणाऱ्यांचे कमरेखालचे भाग.

“साहेब, कुठला आहे?” त्याने विचारलं.

“कुठला काय?”

“रंग.”

साहेबांनी मान वर केली. “लाल. थांबा. आता... हिरवा, हिरवा!”

डावीकडे वळताना शिडीच्या गुडघ्याने भोंगा दाबला जायचा. उजवीकडे वळताना गाडी मुकाट्याने वळायची. दोन दिवस साहेबांनी रंग सांगितले. मग हे काम आपल्या हुद्द्याला शोभत नाही असं त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी ते लेखी आदेशाने निरीक्षक बाईंकडे सोपवलं. बाई कामाला चोख. “पिवळा. अजून पिवळा. लाल झाला, मी नोंद केली आहे.” त्या आठवड्यात एकही सिग्नल चुकला नाही, दुकानांच्या तपासण्या मात्र राहिल्या नाहीत असं म्हणता येणार नाही.

घरी बायको त्याच्या मानेला गरम पाण्याची पिशवी धरून बसायची. ती शिलाईकाम करायची; माणसांची मापं घेण्यात तिचा जन्म गेलेला.

“अहो, इतकं मुकाट्याने सोसायचं कशाला? सांगा ना त्यांना.”

“काय सांगू? गाडी नवी कोरी आहे, सगळ्यांना आवडलीय.”

“तुमच्या पँटला कापड जास्त लागतं म्हणून मी कधी तुमचे पाय कापले का? अर्ज करा.”

त्याने अर्ज केला. ‘नवीन गाडीत मला नीट बसता येत नाही, तरी योग्य ती व्यवस्था व्हावी.’ पंधरा दिवसांनी उत्तर आलं. गाडी समितीने मंजूर केलेल्या मापाची आहे आणि ते माप तिघांच्या सहीने प्रमाणित आहे. सबब फरक गाडीत असू शकत नाही. चालकाचं माप तपासून अहवाल सादर करावा.

तपासायचं काम अर्थातच निरीक्षक बाईंकडे आलं. बारा वर्षं त्या शिडीच्या गाडीतून फिरल्या होत्या. त्यांच्या लेकाला तापात दवाखान्यात यानेच नेलं होतं. त्यांनी त्याला परीक्षणाच्या खोलीत भिंतीशी उभं केलं आणि कपाटातून प्रमाण पट्टी काढली.

“श्वास सोडू का?”

“सोडा. त्याने काही कमी होत नाही.”

सहा फूट तीन इंच. गाडीच्या माहितीपुस्तकात सरासरी चालक पाच फूट पाच इंचांचा दिला होता. फरक दहा इंच. लांबीच्या मापात किती फरक माफ असतो, हे बाईंना तोंडपाठ होतं: नखाच्या जाडीइतका. नमुन्यात रकाने दोनच होते, ‘प्रमाणित’ आणि ‘नाकारले’. बाईंचं पेन बराच वेळ दोन्हींच्या मधल्या रेघेवर थांबलं.

“मला तिसरा रकाना नाही हो इथे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“प्रमाणित लिहा ना, बाई.”

“तसं लिहिलं तर तुम्ही गाडीत बसता असा त्याचा अर्थ होईल.”

“बसतोच की.”

“मी रोज मागच्या सीटवर असते. तुम्ही कसे बसता ते मला माहीत आहे.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “आठ दिवस मी हा कागद पुढे पाठवत नाही. काहीतरी करा.”

नाकारलेलं माप वापरातून काढून टाकतात, हे शिडीला बावीस वर्षांत पुरतं ठाऊक झालं होतं. रविवारी त्याने ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं आणि चालकाची सीट सुटी करून काढून टाकली. बायकोने जाड उशी शिवून दिली, ती तळाला घातली आणि तो तिच्यावर बसला. पाय ऐसपैस पसरले. डोक्यावर चार बोटं जागा उरली. समोर रस्ता होता, आभाळ होतं, आणि चौकात एक सिग्नल होता, तोही हिरवा. गल्लीतल्या गल्लीत त्याने तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला त्याला शीळ घालावीशी वाटली, आणि त्याने ती घातलीसुद्धा.

पुढचे तीन आठवडे कार्यालयात सुखाचे गेले. सीटची पाठ गेल्यामुळे साहेबांच्या गुडघ्यांना अकराऐवजी सोळा इंच मिळाले. बाईंची नोंदवही पुन्हा दुकानांच्या कामी आली. तो कागद त्यांनी खणाच्या तळाशी घातला आणि वर चहाच्या बशा ठेवल्या.

मग वार्षिक साठा मोजणी आली. भांडारपाल एकेक वस्तू मोजत अंगणात आले. गाडीचे दिवे मोजले, चाकं मोजली, आसनं मोजली आणि थबकले.

“आसनं चार पाहिजेत. तीनच आहेत.”

“एक भांडारात ठेवलंय, साहेब. तुमच्याच समोर ठेवलं,” शिडी म्हणाला.

“ते मी भांडारात मोजलं. आता परत इथे कसं मोजू?” त्यांनी लिहिलं: ‘चालकाचे आसन: नाही.’ आणि तक्ता वर पाठवून दिला.

वरचं कार्यालय सहसा उत्तर देत नाही. या खेपेला दिलं. ज्या वाहनात चालकाचे आसन नाही, त्या वाहनावर चालक असू शकत नाही. सबब चालकाचे पद रद्द करण्यात येत आहे. तपासणीचे दौरे मात्र नियमित होत असल्याचे तक्त्यावरून दिसते. चालकाशिवाय वाहन चालवून दाखवणारे हे पहिलेच कार्यालय असल्याबद्दल अभिनंदन. सोबत साहेबांच्या नावे प्रशस्तिपत्र.

शिडी पत्र घेऊन साहेबांकडे गेला. प्रशस्तिपत्र तोवर चौकटीत बसून भिंतीवर गेलं होतं.

“साहेब, गाडी मीच चालवतो ना? तुम्ही रोज मागे बसता.”

“मला माहीत नाही का?” साहेब कळवळून म्हणाले. “पण तसं कळवलं तर हे परत करावं लागेल.” त्यांनी चौकटीकडे पाहिलं. “तुम्हाला मी वाऱ्यावर सोडणार नाही. बावीस वर्षं काढलीत तुम्ही. पेटीवाहक म्हणून सामावून घेतो. पगार तोच. फक्त पेटी उचलायची.”

“आणि गाडी कोण चालवणार?”

“चालकाच्या पदाशिवाय गाडी चालवणं नियमात बसत नाही,” साहेब म्हणाले.

गाडीवर ताडपत्री घातली गेली. दौऱ्यांसाठी बाहेरून भाड्याने गाडी येऊ लागली, जरा मोठी, चालकासकट. साहेब आता पुढे बसू लागले, गुडघ्यासाठी. बाई मागे, मध्ये वजनांची पेटी, आणि पेटीच्या पलीकडे, चालकाच्या बरोबर मागे, शिडी.

पहिल्या दिवशी त्याला हात कुठे ठेवावेत तेच समजेना. बावीस वर्षांत तो कधी मागे बसला नव्हता. चालक जाडसर, घामेजलेला माणूस होता. त्याने आपली सीट स्वतःला बरी वाटेल तितकी मागे घेतली होती. सीटची पाठ शिडीच्या नडगीला लागत होती. पहिला चौक त्याने तसाच काढला. दुसरा काढला. गुडघे ठणकू लागले. तिसऱ्या चौकात त्याने पुढच्याच्या खांद्याला अलगद हात लावला.

“अहो, जरा सीट पुढे घेता का?”

चालकाने सीट पुढे ओढली. त्याचं पोट चाकाला टेकलं, कोपरं अंगाशी आली. शिडीने पाय लांब केले आणि मागे टेकला.

बाई त्याच्याकडे बघत होत्या. “बसलात नीट?”

“एकदम,” शिडी म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. दुकानं, झाडं, माणसं डोक्यापासून पायापर्यंत अख्खी दिसत होती. पुढच्या चौकात लाल दिवा लागला. चालक तो बघायला मान वाकडी करून काचेखाली झुकला होता, पण ते शिडीला दिसलं नाही. मागे बसलं की दिसत नाही ते. तुम्हाला तरी कधी दिसलंय?