उखाभाऊ आणि साहेबांचा नारळ

उखाभाऊंच्या हातात फुकटचं काही ठेवून दाखवाच तुम्ही! मुलगा झाला म्हणून मी पेढा दिला, तर यांनी आधी तो उलटा करून पाहिला. "मास्तर, यामां काहीतरी भानगड शे!" अहो, मुलगा झाला यात कसली भानगड?

आम्ही लिंबायतला शेजारी. मी शाळेत, ते बमरोलीला कापडाच्या लूमवर. सुपरवायझर कधी हसून बोलला, तर हे आठवडाभर जपून राहणार. देवळातला प्रसादही हुंगून खाणार. सुके बोंबील विकणाऱ्या म्हाताऱ्या जमनाबेनचा तर नुसता छळ. एकेक बोंबील उजेडात धरून बघायचे.

त्याच जमनाबेनने एकदा टोपली उतरवता उतरवता सांगितलं, तिच्या गावच्या किनाऱ्यावर पवनचक्क्या येणार, बोंबील वाळवायची जागा जाणार म्हणतात. रविवारी कंपनीचे साहेब गावाला विचारायला येणार होते. "तू आव ने, भाई. तने तो बधा पर शक छे!" सगळ्यांवर संशय घेणारा माणूसच तिला हवा होता.

भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, मलाही ओढलं.

मांडवात साहेबांनी विषय काढण्याआधीच म्हाताऱ्यांना नारळ द्यायला घेतले. जमनाबेनने दोन्ही हात पुढे केले आणि भाऊ ताडकन उठले. "मत लेना!" सगळा मांडव आमच्याकडे वळला. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"काका, ये तो सन्मान है," साहेब म्हणाले.

"तो आखिर में करो. पहले बात."

लोक हसले, पण हात मागे गेले. मग जमनाबेनने विचारलं, बोंबील वाळवायचे कुठे? साहेब घुटमळले. शेवटी आधी वाळवणीची जागा बघायची, चक्क्यांचं नंतर, असं कबूल करून घेतलं गावातल्या बायकांनी.

परतीच्या बसमध्ये मी चिडलो. "एका नारळाला एवढं काय भ्यायचं हो?"

भाऊंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"आमच्याकडे नारळ घेतला म्हणजे शब्द दिला, मास्तर. गावात धरणाचे साहेब आले, तेव्हा बापाने सन्मान म्हणून घेतला. नंतर कळलं, जमीन पाण्याखाली जाणार. तरी म्हणायचा, आता नाही कसं म्हणू? लई भोळा होता. कुणी एकाने तरी ओरडायला पाहिजे होतं त्या दिवशी."

निघताना जमनाबेनने बळेच दिलेली बोंबलांची पुडी त्यांच्या मांडीवर होती. फुकटची. त्यांनी ती उघडून पाहिली नव्हती, हुंगलीही नव्हती. नुसती दोन्ही हातांनी धरून बसले होते.