मार्तंडरावांचे जंतू

मार्तंडरावांचं पोट बिघडलं आणि मुलुंडच्या त्या घरात खटलाच उभा राहिला. तपासणीत साल्मोनेला नावाचा जंतू निघाला होता, आणि त्यांची सून अनुपमा अंधेरीच्या प्रयोगशाळेत नेमका तोच, पोल्ट्रीतल्या कोंबड्यांमध्ये सापडणारा जंतू अभ्यासत होती. आणखी पुरावा कशाला हवा?

"चातुर्मासात या घरात कांदासुद्धा येत नाही," मार्तंडराव अंथरुणातूनच गरजले. "हिनेच पदराला बांधून आणलाय. नोकरी सोड म्हणावं."

अनुपमाचा चेहरा उतरला. मार्तंडरावांना वाईट वाटलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

"बाबा, तुमचा जंतू माझ्याकडच्या जंतूंशी ताडून बघते," ती म्हणाली. "जुळला तर राजीनामा देते."

"ताडून बघ की. मी स्वतः येणार बघायला. उगाच थापा नकोत."

बरं वाटताच ते खरंच गेले. अनुपमाने जंतूंमधला डीएनए काढून, जेलीच्या पातळ वडीत घालून, विजेच्या जोरावर पळवला होता. अंधाऱ्या खोलीत तिने जांभळा दिवा लावला आणि वडीत केशरी पट्ट्यांच्या रांगा उजळल्या. मार्तंडरावांनी नकळत हात जोडले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची इतकी देखणी कुंडली असते, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"ही रांग तुमची. या माझ्या जुन्या नमुन्यांच्या. बघा, एकही जुळत नाही."

"मग माझ्या पोटात आला कुठून?" मार्तंडरावांनी उलटतपासणी सुरू केली. "शोध ना."

अनुपमा शेवटच्या रांगेवर वाकली. "हा जुळतोय की. अगदी पट्टीला पट्टी. पण हा नमुना तर परवाच आला, तुम्ही आजारी पडल्यावर. चेकनाक्याच्या गुणाजीच्या पोल्ट्रीतला." तिने सासऱ्यांकडे पाहिलं. "तो बाहेर अंड्याच्या हाफ फ्रायची गाडी लावतो, नाही का? तुम्ही सकाळी फिरायला जाता त्याच रस्त्यावर."

मार्तंडरावांना घाम फुटला. या पोरीला आता गाडी, बाकडं, वरची मिरपूड, सगळंच दिसत असणार, अशी त्यांची खात्री पटली.

"नोकरी सोडायची नाही हं," ते हळूच म्हणाले. "आणि सासूला तुझ्या..."

"पाणी बाधलं म्हणून सांगते."

ते पुन्हा त्या पट्ट्यांकडे भारावून बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला.

"सूनबाई, किती खाल्ली तेही दिसतं का गं यात?"

"नाही, बाबा."

"मग एकच खाल्लं होतं."